पेटी उघडण्याआधी

"काका, सीपीयू गेलाय. चालू होतो आणि लगेच बंद पडतो."

२०२० च्या एप्रिलमधला फोन. सानपाड्याची, कॉलेजात शिकणारी मुलगी. मी नेरूळला. मधे फक्त जुईनगर स्टेशन, पण लॉकडाउनच्या त्या दिवसांत तेवढं अंतर म्हणजे परदेशच. लोकल बंद, दुकान बंद, माझी पान्या-पकडींची बॅग घरात कपाटावर पडलेली. तिची ऑनलाइन परीक्षा चार दिवसांवर आली होती.

आमच्याकडे 'सीपीयू' म्हणजे अख्खा डबा. त्याच्या आत नखाएवढी चिप असते आणि खरं नाव तिचं, हे गिऱ्हाइकाला सांगण्यात अर्थ नसतो. मीही आता सांगत नाही. 'सीपीयू गेला' म्हणजे डबा रुसला, एवढंच समजायचं. ती चिप स्वतः क्वचितच जाते. बाकीचं कायकाय गेलेलं असू शकतं, ते शोधायचं.

तिला म्हटलं, मोबाइल स्पीकरवर टाक आणि मी सांगतो तेवढंच कर. भिंतीच्या त्याच सॉकेटला चार्जर लाव. चार्जिंग होतंय? होतंय. आता डब्याचं बटण दाब. पंखा फिरला? फिरला. कसला बीप आला? नाही. बंद होईपर्यंत मोठ्याने आकडे मोज. तिने मोजले. "एक, दोन, तीन, चार... गेला." पुन्हा लाव. पुन्हा चार. तिसऱ्यांदाही चार.

मी खुर्चीत नीट सावरून बसलो. मशीन तापून बंद पडत असेल तर ते घड्याळ लावून पडत नाही. आधी सात सेकंदांत, मग थंड झाल्यावर बारा सेकंदांत, असं काहीतरी होतं. शॉर्ट असेल तर पंखा एक झटका मारून थांबतो. नेमके चार सेकंद ही मात्र एकाच गोष्टीची खूण: पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड मशीन जबरदस्तीने बंद करतो, तशी सोयच केलेली असते. म्हणजे बटण आत अडकलं होतं. "बाळा, बटण दाबल्यावर परत वर येतंय का गं?" ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "नाही हो काका, चिकटलंय." घरातल्या दाराच्या कड्यांपासून दुधाच्या पिशव्यांपर्यंत सगळ्याला सॅनिटायझर चोपडण्याचे ते दिवस. आईने कॅबिनेटही पुसलं होतं आणि तो चिकट जेल बटणाच्या फटीत जाऊन बसला होता. वायर काढायला लावली, यू-पिनने बटण उचकवलं, ओल्या फडक्याच्या टोकाने कडा पुसून वाळवली. मशीन चालू झालं. तिच्या आईने पैसे किती द्यायचे विचारलं, तेव्हा मलाच सांगता आलं नाही.

आनंद झाला, पण त्याबरोबर एक जुनं दुखणंही वर आलं. त्याच्या काही वर्षं आधी तुर्भ्याच्या एका छोट्या वाहतूक कंपनीत मी अगदी हाच बिघाड पाहिला होता. तेव्हा माझ्या बॅगेत सगळं होतं: जास्तीची रॅम, मशीनला वीज पुरवणारा जास्तीचा एसएमपीएस, मल्टिमीटर. रॅम बदलून बघितली, एसएमपीएस बदलून बघितला, शेवटी 'बोर्ड गेला' असं ठामपणे सांगून मदरबोर्ड बदलला. नवा बोर्ड टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडून चालू केला, तर झकास चालला. कॅबिनेटमध्ये बसवला, तर पुन्हा चार सेकंदांत बंद. तेव्हा कुठे बटणाकडे लक्ष गेलं. जुना बोर्ड धडधाकट होता. त्यांच्याकडून बोर्डाचे पैसे मी घेतले नाहीत, पण दोन दिवस त्यांचं बिलिंग बंद राहिलं, ते भरून कसं देणार? हातात सगळी हत्यारं असताना मी मोजलं नव्हतं. हातात काहीच नसताना फोनवर मोजावं लागलं.

त्या दोन-तीन महिन्यांत आलेले फोन मी एका दोनशेपानी वहीत टिपत गेलो. काय विचारलं, काय उत्तर आलं, शेवटी काय निघालं. हे पुस्तक त्या वहीतून वाढलेलं आहे.

आमच्या धंद्यात 'ठेवून बघू' नावाची एक पद्धत आहे. बॅगेतून एक पार्ट काढायचा, ठेवून बघायचा. नाही चालला तर दुसरा. ही पद्धत मी नाकारत नाही, शंका पक्की करायला दुसरा पार्ट लावून पाहावाच लागतो. पण शंकाच नसताना पार्ट बदलत सुटणं म्हणजे अंधारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारं चाचपत फिरणं. त्यातही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर बिघाड कशात होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही; दोन महिन्यांनी तोच कॉल परत येईल. आणि धंद्याचं उघड गणित असं की, पार्टला बिल असतं, विचार करण्याला नसतं. मी वीस मिनिटं नुसता बसून राहिलो तर पार्टीला वाटतं, याला काही येत नाही.

पूर्वी असं नव्हतं, कारण बदलायला पार्टच नसायचे. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये १९६० साली टिफ्रॅक हे आपल्याकडे बनवलेलं मोठं संगणकयंत्र पूर्ण झालं. रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ते बांधलं, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब ही बल्बासारखीच, तापणारी आणि कधी ना कधी जाणारी वस्तू. अशा यंत्रापाशी काम करणाऱ्याला आज कुठली जाणार, हे ओळखावंच लागे. ज्यांनी यंत्र बांधलं तेच दुरुस्त करत. बांधणं आणि दुरुस्ती हे दोन धंदे तेव्हा वेगळे झाले नव्हते.

दुसरी आठवण मला याहून जवळची वाटते. १९७५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने एक कंपनी काढली, तिचं नावच मुळी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा तिची इथे बसवलेली यंत्रं चालती ठेवण्याचं काम या सरकारी कंपनीने अंगावर घेतलं. बनवणारा निघून गेलेला, सुटे भाग दुर्मिळ, आणि यंत्र तर चाललंच पाहिजे. पुढे तिचं नाव आखडून सीएमसी झालं, ती सॉफ्टवेअर आणि मोठमोठ्या प्रणालींकडे वळली, अखेर खासगी झाली. एका देशाला आपल्या कंपनीच्या पाटीवर 'दुरुस्ती' हा शब्द ठळक लिहावासा वाटला होता, याचं मला अजून अप्रूप आहे. आता पाटीवर 'सोल्यूशन्स' असतं.

पुस्तक लिहायला घेतल्यावर मी बाजारातली इंग्रजी पुस्तकं पुन्हा चाळली. चांगली आहेत, मी त्यांच्यावरच शिकलो. पण ती सगळी पेटी उघडण्यापासून सुरू होतात. भिंतीतून येणारी वीज ठीक आहे, तिसऱ्या पिनेला अर्थिंग आहे, खोलीतली हवा कोरडी आणि स्वच्छ आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. नवी मुंबईत यातलं एकही गृहीत धरता येत नाही. माझ्या वहीतले निम्मे बिघाड पेटीच्या बाहेर होते.

तसाच एक इथे सविस्तर सांगतो. नेरूळलाच एक निवृत्त मास्तर तळमजल्यावर राहतात. त्यांचं मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. दोघांनी आधी येऊन विंडोज मारून दिली होती, एकाने रॅम बदलली होती. मी गेलो तेव्हा मशीन गुण्यागोविंदाने चाललं होतं. मास्तरांना म्हटलं, रीस्टार्ट झालं की वेळ लिहून ठेवा. आठवड्याने गेलो तर भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाच्या वर, बारीक सुबक अक्षरात वेळा लिहिलेल्या. सकाळी पावणेसहा, संध्याकाळी पावणेसहा. एखादा दिवस कोरा, पण ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी याच सुमारास. बिघाडाला वेळापत्रक असेल तर तो बिघाड यंत्राचा नसतो, माणसांचा असतो. मी संध्याकाळी साडेपाचला जाऊन बसलो. चहा आला. खिडकीतून सोसायटीची पंपाची खोली दिसत होती. पावणेसहाला वॉचमन किल्ल्या वाजवत आला, दार उघडलं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मास्तरांची ट्यूबलाइट लवली, डोक्यावरचा पंखा क्षणभर मंदावला आणि कॉम्प्युटरची स्क्रीन काळी होऊन पुन्हा कंपनीचं चिन्ह दाखवू लागली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी वॉचमनकडे.

मोटर चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याने त्या लाइनवरचा व्होल्टेज दबतो. हे रोज सगळ्यांच्याच घरात होतं. मग शेजाऱ्याचं मशीन का बंद पडत नाही? एसएमपीएसच्या पोटात एक-दोन जाडजूड कपॅसिटर असतात. वीज डचमळली तर साठवलेल्या विजेवर तेवढा क्षण ते निभावून नेतात. मानकाप्रमाणे पूर्ण भार असतानाही एसएमपीएसने सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरायला हवा. आपल्या ५० हर्ट्झ विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका लाटेलाही पुरी न पडणारी शिदोरी. मास्तरांचा एसएमपीएस जुना, कपॅसिटर आटलेले, शिदोरी संपलेली. तरीही मीटर लावल्यावर तो १२ व्होल्ट, ५ व्होल्ट सगळं अचूक दाखवायचा. मीटरने तब्येत कळते, दम कळत नाही. नवा एसएमपीएस बसवला, प्रश्न मिटला. कोरे दिवस का कोरे होते, तेही नंतर कळलं: त्या दिवशी मास्तर सकाळ-संध्याकाळ देवळात जायचे आणि मशीन बंद असायचं.

अर्थिंगचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झालंय, त्याबद्दल कुरकुर होईल हे माहीत आहे. पण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की त्याला पर्याय नव्हता. घरातली मंडळी त्यावर चप्पल घालून बसण्याचा उपाय करतात. मशीन 'शॉर्ट' आहे असं सगळ्यांना वाटतं. ते शॉर्ट नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला दोन चिमुकले कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. पत्र्याला अर्थिंग असलं तर तो कचरा जमिनीत जातो. नसलं तर पत्रा दोघांच्या मधे लटकतो, साधारण ११५ व्होल्टवर. टेस्टर लावला तर उजळतो. करंट अगदी थोडा, त्यामुळे माणसाला नुसत्या झिणझिण्या. पण त्याच पेटीला तुम्ही एचडीएमआयने टीव्ही जोडला, किंवा बाहेरून आलेली केबल लावली, तर तो करंट त्या पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतात. मग आम्ही ग्राफिक कार्ड बदलतो, लॅन कार्ड बदलतो. खरं काम असतं इलेक्ट्रिशियनचं: भिंतीवरच्या बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे की नाही ते बघणं. अनेक ठिकाणी ती नसते. भोक शोभेचं असतं.

आता हवा. ओहोटीच्या वेळी वाशीचा पूल ओलांडताना गाडीत येणारा वास कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. खारफुटीच्या चिखलातून, नाल्यांतून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो, हायड्रोजन सल्फाइड. खाडीची मिठाळ दमट हवा त्याच्या जोडीला. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यात आधी रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि पुढे त्याच पट्ट्यात, महापे-रबाळे-ऐरोलीला, आयटी पार्क आणि डेटा सेंटर आली. इथल्या बायकांना ही हवा कळते ती देवघरातल्या चांदीवरून. निरांजन दसऱ्याला लख्ख घासलं तरी दिवाळीपर्यंत त्याच्यावर पिवळट-काळी झाक धरते. गंधक आणि चांदी मिळून ते काळं होतं. कॉम्प्युटरमध्येही चांदी असते, हे मात्र फार जणांच्या ध्यानात येत नाही. बोर्डावर तांदळाच्या कणीहून लहान रेझिस्टर असतात, त्यांच्या टोकांशी आत चांदीचा थर असतो. फटीतून गंधक आत शिरलं की तो थर खाल्ला जातो आणि एके दिवशी रेझिस्टर तुटतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर निर्बंध आले. चांगलाच निर्णय. पण त्यानंतर काही बोर्डांच्या तांब्यावर शिशाऐवजी चांदीचा पातळ मुलामा आला, आणि गंधकाची हवा असलेल्या गावांत त्या बोर्डांवर गंज बुरशीसारखा सरपटत एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जाऊ लागला. भारत आणि चीनमधून अशा तक्रारी आल्यावर अ‍ॅश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने डेटा सेंटरच्या हवेसाठी मर्यादा सुचवल्या: तांब्याची पट्टी खोलीत टांगायची, महिन्याला गंजाचा थर ३०० अँगस्ट्रॉमहून जाड चढता कामा नये, चांदीवर २००. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. मोठ्या डेटा सेंटरांत हवा गाळायची सोय असते. कोपरखैरण्याच्या सीएच्या ऑफिसात उघडी खिडकी असते, आणि खाली नाला.

इथेच खोडरबराबद्दल बोलून टाकतो, नाहीतर वाचक पहिल्यांदा तेच प्रकरण शोधतील. 'डिस्प्ले येत नाही' म्हटलं की आमचा माणूस रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतो, परत बसवतो, आणि मशीन चालू होतं. गिऱ्हाइकाला जादू वाटते. यात खोडरबराचा वाटा लोक समजतात त्याहून कमी आहे. बऱ्याचदा रॅम नुसती काढून घट्ट बसवली तरी तेच होतं, कारण स्पर्श नव्याने होतो. तो सोन्याचा मुलामा एक मायक्रोनहूनही पातळ असतो. दर पावसाळ्यात घासून घासून खालचं निकेल उघडं पडलेल्या रॅम माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्या आता दर महिन्याला घासाव्या लागतील. पांढरं मऊ खोडरबर, हलक्या हाताने, वर्षात एकदा फार तर. आणि सँडपेपर लावणाऱ्याला माझ्या दुकानात उभं राहू दिलं जात नाही.

काही गोष्टी पुस्तकात थोडक्यात उरकल्या आहेत. फुगलेले कपॅसिटर हे २००० च्या आगेमागे आलेल्या बोर्डांचं साथीच्या रोगासारखं दुखणं होतं; आता ते बोर्ड बहुतेक भंगारात गेले. बटणासारखी सीआर २०३२ बॅटरी एका पानात संपते, पण ते पान वाचा, कारण ती उतरली की तारीख मागे जाते, तारीख चुकली की बँकेच्या वेबसाइट उघडत नाहीत आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. हार्ड डिस्क टकटक करू लागली तर काय करायचं, याला मी अर्धं पानच दिलं आहे: बंद करा, पुन्हा चालू करू नका, आणि आतला डेटा जिवाभावाचा असेल तर त्यातल्या जाणत्याकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय इंटरनेटवर वाचला असेल, तर आपल्या दमट हवेत तो करू नका. लॅपटॉपच्या बोर्डाची दुरुस्ती इथे नाही. ते काम सूक्ष्मदर्शकाखालचं आहे आणि माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत.

भाषेबद्दल. मदरबोर्डला मी मातृफलक म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. दुकानाच्या काउंटरवर जे शब्द चालतात तेच इथे आहेत. अपवाद एका शब्दाचा. सोल्डरिंगला माझे वडील 'डाख देणं' म्हणायचे, त्यांच्या आधी तांबट-कासारही तेच म्हणत. हा शब्द मी हट्टाने ठेवला आहे. आयटीआयमध्ये हार्डवेअरच्या ट्रेडला बसलेल्या मुलांना २४ पिनांचा तक्ता पाठ असतो, हिरवी वायर काळ्याला जोडली की एसएमपीएस एकटा चालू होतो हेही पाठ असतं. का चालू होतो, हे मराठीत सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी हे इतकं लांबण लावलंय.

एक गोष्ट मात्र पाठच करा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त वीज साठलेली राहू शकते. माझ्या उजव्या अंगठ्याखाली पांढरा डाग आहे तो त्याचाच.

पुस्तकाच्या शेवटी बारा कोरी पानं सोडली आहेत, वर तीनच रकाने: कधी झालं, त्या वेळी आणखी काय चालू होतं, काय ऐकू आलं. ती भरायला लागा. मास्तरांनी मागितलं म्हणून पहिल्या पानावर त्यांच्या कालनिर्णयातल्या वेळा नमुन्यादाखल छापल्या आहेत, दुधाचा हिशेब वगळून.

नेरूळ, नवी मुंबई